मदत हवी आहे: पिस्तूल जोडताना फ्रेमवर चरा पडतो

टेक्सासकर: साफसफाई करून परत जोडताना स्लाइड स्टॉप (वरची सरकती स्लाइड अडवणारा, खिळीचा लिव्हर) शेवटच्या टप्प्याला अडतो. जोर लावला की फ्रेमवर कमानीसारखा चरा. एक पडलाय, दुसरा नकोय. रविवारी रेंजवर जायचंय, लवकर सांगा.

चिमटा: कुठलं पिस्तूल ते तरी सांगा!

टेक्सासकर: १९११ मॉडेल, अजून कुठलं?

बापू_४५: मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग पुढचं. स्टॉपची खीळ नळीखालच्या लिंकच्या भोकातून जाऊ द्या, पण पूर्ण दाबू नका. चरा पडतो तो खीळ आत दाबून मग लिव्हर वर फिरवल्यामुळे. स्लाइडची छोटी खाच स्टॉपच्या दातासमोर धरा, लिव्हर फ्रेमपासून सुटी ठेवूनच वर आणा. मागच्या कडेला स्प्रिंगवाला प्लंजर आडवा येतो. तो पातळ प्लास्टिकच्या पट्टीने मागे सारा आणि लिव्हर सरळ आत ढकला. सरळ! फिरवत नाही.

सावजी: एवढी सर्कस कशाला? मास्किंग टेप लावा, संपलं.

बापू_४५: टेप फाटून खिळीबरोबर आत जाते. लावायचीच तर भोकापासून लांब, लिव्हरच्या वाटेवर.

चिमटा: स्प्रिंग दाबत खाच जुळवताय ना? नळीच्या तोंडाशी बुशिंग (कडं) असलेल्यात आधी स्टॉप बसवा, स्प्रिंग आणि प्लग (तिचं टोपण) सगळ्यात शेवटी. निम्मा त्रास तिथेच संपतो. प्लग सटकून डोळ्यात जाऊ शकतो, चष्मा लावा.

टेक्सासकर: बुशिंग नाहीये. तीन इंची नळी आहे.

चिमटा: हे आधी सांगायचं हो! गाइड रॉडला (स्प्रिंगमधल्या दांडीला) बारीक भोक असेल, खोलताना त्यात वाकवलेली पेपरक्लिप घालता ना? ती स्टॉप बसेपर्यंत काढू नका. काढलीत की सगळी स्प्रिंग स्लाइडला पुढे रेटते, मग खाच हातात राहतच नाही.

ग्लॉकभक्त: आमच्या ग्लॉक पिस्तुलात स्लाइड रुळावर चढवली की झालं. खीळच नाही.

सावजी: आले! विचारलंय कुणी?

निळावंती: चऱ्यावर कोल्ड ब्लू (पोलाद काळपट करणारं द्रावण) लावा. आधी तेलाचा अंश पुसा, मग दोन-तीन हात.

बापू_४५: तीन इंचीची फ्रेम बहुधा ॲल्युमिनियमची असते. कोल्ड ब्लू पोलादावर चालतं, ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमवर नाही. फ्रेमला चुंबक लावून बघा.

नागपुरी_वऱ्हाडी: भारतात हे .४५ बोअरचे पिस्तूल लायसन्सवर मिळते का हो?

बापू_४५: नाही, निषिद्ध बोअर आहे. आणि वेगळा धागा काढा.

टेक्सासकर: चुंबक चिकटला नाही. क्लिप ठेवून केलं, बसलं, नवा चरा नाही. पण आता सेफ्टीच वर जात नाही! काय मोडलं?

चिमटा: काही नाही. हॅमर (घोडा) खाली असेल. तो चढवल्याशिवाय १९११ची सेफ्टी वर जातच नाही. चेंबर पुन्हा बघा, मग चढवा.