मदत हवी आहे: डीपीकेजीची स्टेटस फाइल रिकामी झाली

घरचा डेस्कटॉप, उबुंटू 22.04 (लिनक्स), देवगड. अपग्रेड चालू असताना लाइट गेली (पावसाळा, दुसरं काय). चालू केल्यावर डीपीकेजीची (पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, बसवणारा उबुंटूचा प्रोग्राम) स्टेटस फाइल, म्हणजे कोणतं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं बसलंय त्याची नोंद, 0 बाइट; तिची मागची प्रत स्टेटस-ओल्डही तशीच. एपीटीच्या (डीपीकेजीवर चालणारं, पॅकेज डाउनलोड करणारं साधन) मते मशीनवर एकही पॅकेज नाही, डेस्कटॉप मात्र नीट चालतोय.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून एफएससीके (फाइल सिस्टीमची तपासणी) केलं, स्मार्ट (डिस्कचा स्वतःचा तब्येत-अहवाल) तपासलं, डिस्क ठीक आहे. व्हार-बॅकअप्स फोल्डरमधली (तिथे सिस्टीम आपोआप प्रती ठेवते) डीपीकेजी-स्टेटसची प्रत जागेवर ठेवली, एक्स्टेंडेड-स्टेट्सचीही, म्हणजे ऑटो-मॅन्युअल खुणा (कोणतं पॅकेज आपोआप आलं, कोणतं मी टाकलं) शाबूत. पण ही प्रत अपग्रेडच्या आधीची. 41 पॅकेजांची नोंद जुनी, डिस्कवरच्या फाइली नव्या. डीपीकेजीचं व्हेरिफाय (फाइली बरोबर आहेत का ते तपासणं) गप्पच, कारण ते डीपीकेजीच्या इन्फो फोल्डरमधले एमडी5 (फाइलींचे चेकसम) बघतं आणि तेही नवेच आहेत. शिवाय तीन पॅकेजांच्या लिस्ट फाइली (पॅकेजात कोणत्या फाइली आहेत त्याची यादी) गायब. ती रीइन्स्टॉल करीन.

41 पैकी 34 पॅकेजांच्या नव्या डेब (इन्स्टॉल फाइली) कॅशमध्ये, म्हणजे आधीच डाउनलोड झालेल्या, आहेत. नेट मोबाइलचं, दिवसाला दीड जीबी, रेंज फक्त खिडकीत. त्यामुळे फॉरमॅट मारून नव्याने टाक हे नको.

तेच अपग्रेड पुन्हा चालवलं तर पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट (पॅकेज बसल्यावर मांडणी करणाऱ्या) जुनी आवृत्ती धरून दुसऱ्यांदा चालतील. त्यात कॉन्फिग बिघडायचा धोका कितपत? की डीपीकेजीचा लॉग बघून स्टेटसमधले आवृत्ती क्रमांक हातानेच बदलू?