तिरक्या रनवेंवर दोन विमानं एकदम उतरवताना काय काळजी घेतात?

सुदामानगरचा मामा:
नमस्कार मंडळी, काल भाच्याला घेऊन बिजासनच्या टेकडीवर गेलो होतो, तिथून विमानं छान दिसतात. आपल्या इंदूरला एकच रनवे, ०७/२५ (दोन टोकांचे दिशेवरून दिलेले नंबर), म्हणजे एकामागून एकच उतरणार. तर तो म्हणाला, मामा जिथे दोन रनवे तिरके असतात आणि त्यांच्या रेषा पुढे जाऊन मिळतात तिथे दोन्हीकडे एकदम विमान आलं तर? मला काही सांगता आलं नाही. कोणाला माहितीये का?

राजवाडा४५२:
अहो रनवे एकमेकांना कापत नसतील तर काय अडचण, उतरलं की ब्रेक मारून थांबतंच ना. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ कापतात, तिथे साधारण एका वेळी एकच चालवतात.

टॉवरवाले काका:
राजवाडा, इथेच चूक होते. दोन्ही उतरली तर काहीच त्रास नाही, पण दोघांनी एकदम गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर उडाले तर? दिल्लीचं बघा, २७ नंबरचा रनवे उत्तरेला, २८ नंबरचा त्याच्या दक्षिणेला, जमिनीवर भेटत नाहीत पण पश्चिमेकडे रेषा जवळ येत जातात. मी नवीन मुलांना दोन्ही तळहात टेबलावर ठेवून बोटं आत वळवून दाखवायचो, मग हात पुढे सरकवायचे, बोटं भिडतात ती जागा सांभाळायची. आणि गो-अराउंडसाठी पायलट परवानगी मागत नाही बरं का, रेडिओवर नुसतं "गोइंग अराउंड" ऐकू येतं.
म्हणून एक तर गो-अराउंडचे मार्ग आधीच विरुद्ध दिशांना वळवून ठेवतात, नाहीतर विमानं मागेपुढे ठेवतात. अमेरिकेत यासाठी रडारवर 'घोस्ट' दाखवतात, म्हणजे शेजारच्या रनवेकडे येणाऱ्या विमानाची सावली आपल्या रेषेवर तेवढ्याच अंतरावर उमटते, कंट्रोलर आपलं विमान त्या सावलीच्या मागे ठेवतो. १४० नॉट, म्हणजे ताशी १४० नॉटिकल मैल वेगाला २ नॉटिकल मैल मागे राहणं म्हणजे जेमतेम ५० सेकंद, पण तेवढ्यात पहिलं विमान त्या जागेतून निघून जातं.

सुदामानगरचा मामा:
काका, खूप आभार! आणि धुकं असेल तर?

टॉवरवाले काका:
मग टॉवरमधून डोळ्यांनी बघून वेगळं ठेवता येत नाही, अंतर वाढवायचं नाहीतर सरळ एकच रनवे चालवायचा. विमानं आभाळात घिरट्या घालत थांबतात, प्रवासी वैतागतात, पण मी तरी दरवेळी तेच केलं असतं. भाच्याला हाताची युक्ती नक्की दाखवा.