मदत हवी आहे : अब्राहामाला दिलेलं वचन दृढीकरणाच्या वर्गात कसं शिकवावं?

वसईतल्या दृढीकरणाच्या (श्रद्धा दृढ करणाऱ्या ख्रिस्ती संस्काराच्या) मुलांसाठी ४० मिनिटांचा पाठ बसवायचा आहे. मुलं अडतात ती इथे: अब्राहामाला ७५व्या वर्षी देवाचं वचन (संतती आणि देश देईन), मुलगा इसहाक १००व्या वर्षी, आणि वचनातल्या देशापैकी हाती आलं काय, तर पत्नी सारेला पुरायला ४०० शेकेल चांदी मोजून घेतलेलं मकपेलाचं शेत आणि गुहा. मग देवाने शब्द पाळला कुठे? प्रश्न रास्त आहे, दाबू नये. इथून थेट येशूवर उडी मारली की मुलं गप्प बसतात, पण पटलेलं नसतं. मधला दुवा मरियेच्या स्तोत्रात आहे (लूक १:५५, अब्राहाम आणि त्याच्या संततीला दिलेला शब्द देवाने आठवला), सायंप्रार्थनेत रोज म्हणतात तेच. ते इब्री ११:१३च्या (वचनफळ हाती न येताच ते सारे विश्वासात मेले) आधी घ्यावं की नंतर? आणि मणी झिजलेली आजीची जपमाळ वर्गात हातोहात फिरवली तर वचन पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातं हा मुद्दा पोहोचेल का? शिकवलं असेल त्यांनी कृपया क्रम सांगा.