अनुभव धागा: टेकडी, माळ, ओढ्याकाठ राखताना

नुसतं एका दिवसाचं वृक्षारोपण नको, त्यानंतर काय केलंत ते लिहा प्लीज. श्रमदान, नोंदी, देणगी, कागदपत्रं, काहीही चालेल. मीच सुरुवात करते.

आमचा ग्रुप टेकडीवरची घाणेरी काढतो, म्हणजे सगळीकडे पसरून मूळच्या झाडांना दाबणारं ते बाहेरून आलेलं झुडूप, काही जण टणटणी म्हणतात तीच. वरवर छाटली की बुंध्यातून परत जोमानं फुटते, म्हणून जमिनीखाली खोड आणि मूळ जुळतं तिथे कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं म्हणजे ते परत रुजत नाही. आणि हे फळं धरायच्या आधी, कारण पक्षी ती खातात आणि बी कुठच्या कुठे नेऊन टाकतात. लहान रोपं पावसानं माती ओली झाली की हातानंही निघतात. मातीतलं जुनं बी पुढे कितीतरी वर्षं उगवत राहतं, सो त्याच तुकड्यावर परत परत जावंच लागतं, इथेच बरेच ग्रुप गळतात. नवीन लोक सगळ्यात दाट जाळीवर तुटून पडतात, आम्ही त्यांना कमी बिघडलेल्या कडेला नेतो. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात हेच करून दाखवलं, चांगल्या भागाकडून वाईटाकडे जायचं, माती कमीत कमी उकरायची आणि तिथली मूळची झाडं जेवढी परत येतील तेवढंच पुढे सरकायचं. खूप स्लो आहे पण टिकतं.

*

मी माळरानवाला. आमच्या माळाला सगळे ओसाड म्हणतात आणि खड्डे खणायला येतात, जीव तुटतो अगदी. अहो गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, तिथे झाडांची गर्दी केली की त्यांची जागाच जाते, आणि गवत कार्बन मुळांत अन् मातीत साठवतं, तो वणव्यात सहसा जळून जात नाही. आम्ही तिथे एकही झाड लावत नाही. उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) साफ करतो, विणीच्या दिवसात लोकांना आणि कुत्र्यांना आत जाऊ नका म्हणून सांगत उभे राहतो.

*

गुडघ्यांमुळे मला चढाचं काम जमत नाही, मी पैशाची आणि कागदांची बाजू बघतो. जमीन विश्वस्तांच्या हाती देऊन कायमची राखायची पद्धत जुनी आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये अशी संस्था १८९१ मध्येच निघाली. काही देशांत मालकी स्वतःकडे ठेवून फक्त बांधकामाचा हक्क करारानं कायमचा सोडता येतो आणि तो पुढच्या मालकालाही लागू होतो, मला हे फार आवडतं. देणगी देताना एक नक्की विचारा, देखभालीचा निधी वेगळा ठेवलाय का? जमीन घेण्यासाठी लोक देतात हो, पण कुंपण, राखणदार, अवजारं यांना कोण देणार?

*

फोटो काढा! दर ऋतूला त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेला. अधिकाऱ्यांसमोर आमच्या भाषणापेक्षा ते फोटोच जास्त बोलले. दुर्मिळ ऑर्किड दिसलं तर नेमकं लोकेशन मात्र कुठेही टाकू नका, लोक उपटून नेतात.

*

वरच्या सगळ्यांना +१. आमच्याकडे वाळलेली झाडं सफाईच्या नावाखाली उचलली जायची, आता राहू देतो, ढोलीत पक्षी राहतात, खाली बुरशी अन् किडे. बाकी एक विचारायचंय, पायवाट पावसात फार खरवडून निघतेय. वाटेला तिरके दगड बसवून पाणी बाजूला काढायचा विचार आहे, कुणी केलं असेल तर दोन ओळींत किती अंतर ठेवलंत आणि दगड किती खोल गाडलेत ते सांगा ना.