डी. फार्म. एक्झिट परीक्षा: कायदा आणि गणितं दोन्ही कच्चं, नोकरी सांभाळून तयारी कशी करू?

डीफार्म_मिरज

नमस्कार मंडळी. डी. फार्म.चं (फार्मसी डिप्लोमाचं) दुसरं वर्ष सुटलं, पाचशे तासांचं ट्रेनिंगही पूर्ण झालं. आता रजिस्ट्रेशनसाठीची एक्झिट परीक्षा. सकाळी नऊ ते रात्री आठ मेडिकलमध्ये असते, त्यामुळे हातात रोजचे जेमतेम दोन तास आणि साधारण तीन महिने. दहावीपर्यंत मराठी माध्यम.

ज्युरिसप्रुडन्समधली (औषध कायद्यातली) शेड्यूल, म्हणजे औषधांच्या याद्या, आणि लायसन्सचे फॉर्म नंबर पाठ करते, आठवड्याभरात सगळं पुसलं जातं. फार्माकॉलॉजी (औषधांचं काम आणि परिणाम) अफाट आहे, कुठून हात घालावा कळत नाही. आणि गणितं! सूत्र येतं, उत्तर चुकतं. नमुन्याला तीन सोडवलेली देते:

अ) मुलाचं वय ४ वर्षं, वजन १५ किलो, प्रौढ मात्रा ४०० मिग्रॅ. क्लार्कच्या सूत्राने (वजनावरून मुलाची मात्रा) १५ ÷ १५० × ४०० = ४० मिग्रॅ.

आ) १ ग्रॅमच्या साच्यात १० सपोझिटरी (गुदमार्गे ठेवायच्या औषधी वड्या), प्रत्येकीत २०० मिग्रॅ औषध, डिस्प्लेसमेंट व्हॅल्यू ४. एकूण औषध २ ग्रॅम, म्हणून बेस (औषध ज्यात मिसळतात तो पदार्थ) १० − २ = ८ ग्रॅम.

इ) १:४००० चं ५०० मिली द्रावण. ५०० ÷ ४००० = ०.१२५, म्हणून ०.१२५ मिग्रॅ.

तिन्ही उत्तरं पर्यायांत होती आणि तिन्ही चूक निघाली. कुठे घसरतेय?

खलबत्ता

तिन्ही ठिकाणी आकडेमोड बरोबर आहे. घसरण एककात आणि व्याख्येत आहे, म्हणजे सुधारायला सोपी.

अ) क्लार्कच्या सूत्रातले १५० हे पौंड आहेत. १५ किलो म्हणजे १५ × २.२ = ३३ पौंड. ३३ ÷ १५० × ४०० = ८८ मिग्रॅ. तुमचं उत्तर निम्म्याहूनही कमी आलं. आता याच मुलाला यंगचं सूत्र लावा: ४ ÷ (४ + १२) × ४०० = १०० मिग्रॅ. डिलिंगचं लावा: ४ ÷ २० × ४०० = ८० मिग्रॅ. म्हणजे ४०, ८०, ८८, १०० हे चारही आकडे पर्यायांत शोभून दिसतात. म्हणून प्रश्नात सूत्राचं नाव दिसलं की आधी त्याखाली रेघ मारा, मगच आकड्यांकडे बघा. तान्ह्या बाळाचं वय महिन्यांत दिलं असेल तर फ्राइडचं सूत्र, महिने ÷ १५०. इथलं १५० आणि क्लार्कचं १५० यांची सरमिसळ फार होते.

आ) डिस्प्लेसमेंट व्हॅल्यू ४ म्हणजे ४ ग्रॅम औषध १ ग्रॅम कोको बटरची जागा घेतं. तुमचं औषध २ ग्रॅम, ते जागा घेईल २ ÷ ४ = ०.५ ग्रॅमची. म्हणून बेस १० − ०.५ = ९.५ ग्रॅम. ८ ग्रॅम घेतलात तर साचे पुरते भरणारच नाहीत. हे डोळ्यांसमोर आणलंत की सूत्र पाठ करायची गरज उरत नाही: साच्याचं आकारमान ठरलेलं आहे, आणि औषध बेसपेक्षा जड असल्यामुळे वजनाच्या मानाने जागा कमी खातं. प्रत्यक्ष करताना भांड्याला चिकटून थोडं वाया जातं, म्हणून १० हवे असतील तर १२ चा हिशेब धरतात. प्रश्नात तसं सांगितलं नसेल तर १० चाच धरा.

इ) १:४००० म्हणजे ४००० मिलीत १ ग्रॅम. उत्तर ०.१२५ ग्रॅम, म्हणजे १२५ मिग्रॅ. तुमच्या उत्तरात हजारपटीचा फरक पडला. काउंटरवर हीच चूक जिवावर बेतते, म्हणून परीक्षक ती मुद्दाम तपासतात. एक जोडी कायमची डोक्यात ठेवा: ॲड्रेनलिन १:१००० म्हणजे मिलीला १ मिग्रॅ, १:१०,००० म्हणजे मिलीला ०.१ मिग्रॅ. आणि टक्केवारीसाठी: १ टक्का म्हणजे मिलीला १० मिग्रॅ. बहुतेक सगळं यावरून मोजता येतं.

सलाइनच्या थेंबांचं गणितही करून ठेवा. ५०० मिली ८ तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा: ५०० × २० ÷ ४८० = २०.८, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. तासांची मिनिटं करायला विसरलात की उत्तर १२५० येतं, ते लगेच खटकतं. पण मायक्रोड्रिप सेट ६० थेंबांचा असतो. तिथे २० धरले तर येणारं चुकीचं उत्तर खटकत नाही, म्हणून तेच जास्त घातक.

रोज अर्धा तास, पाच गणितं, कागदावर, प्रत्येक ओळीत एकक लिहून. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर बंद.

स्ट्रिप_आणि_शेड्यूल

कायद्याबद्दल सांगतो. तुम्ही दिवसाचे अकरा तास ज्या दुकानात असता तेच ज्युरिसप्रुडन्सचं पुस्तक आहे. शेड्यूल वहीतून पाठ करू नका, रॅकवरून करा.

सेफिक्झिमची स्ट्रिप घ्या: आरएक्स (प्रिस्क्रिप्शनची खूण) लाल अक्षरात आणि लाल चौकटीत इशारा. हे शेड्यूल एच-१, लागू १ मार्च २०१४ पासून. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, रिफॅम्पिसिन, ट्रॅमाडॉल यातलेच. यांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेली मात्रा. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. आता अल्प्राझोलामची स्ट्रिप बघा: कोपऱ्यात लाल एनआरएक्स. म्हणजे हे औषध १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखालीही येतं. केटामिन, मिथाइलफेनिडेट यांवर एक्सआरएक्स, म्हणजे शेड्यूल एक्स: प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षं, माल कुलपात. एच-१ चे तीन आणि एक्सचे दोन, यात भले भले गडबडतात. ‘एक्स जास्त कडक, म्हणजे वर्षंही जास्त असणार’ असं मन सांगतं, तिथेच फसगत होते.

शेड्यूल जीवर ‘डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या’ या अर्थाचा इशारा असतो. अँटिहिस्टामिनच्या गोळ्यांवर तो शोधा.

फॉर्म नंबरांसाठी दुकानाच्या भिंतीकडे बघा, लायसन्स दर्शनी भागात लावावंच लागतं. किरकोळ विक्रीला २० आणि २१. यातलं २१ हे शेड्यूल सी आणि सी-१ साठी, म्हणजे तुमच्या फ्रीजमधलं इन्सुलिन, लसी वगैरे. शेड्यूल एक्स ठेवायचं तर २०एफ. घाऊकला त्याच क्रमाने २०बी, २१बी, २०जी. ‘बी’ म्हणजे बल्क असं लक्षात ठेवा, चुकणार नाही. अर्ज मात्र फॉर्म १९ वर, आणि एक्ससाठी १९सी वर. जागा किरकोळला किमान १० चौरस मीटर, किरकोळ आणि घाऊक एकत्र असेल तर १५.

रोज एक रॅक घ्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दहा स्ट्रिपा हातात घेऊन मनातल्या मनात शेड्यूल सांगायचं, मग उलटून बघायचं.

डीफार्म_मिरज

दादा, भिंतीवरचं लायसन्स आजच वाचलं, कधी लक्षच दिलं नव्हतं. पण एक गोंधळ आहे. माझ्याकडच्या गाईडमध्ये लायसन्स दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असं आहे, आणि दुकानाचे मालक म्हणतात आता रिन्यूअल नसतंच. खरं काय?

स्ट्रिप_आणि_शेड्यूल

मालक बरोबर आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स रद्द किंवा निलंबित होईपर्यंत चालू राहतं, दर पाच वर्षांनी फक्त ते चालू ठेवायची रिटेन्शन फी भरायची. तुमचं गाईड जुनं आहे. तीन गोष्टी अजून तपासा: क्लिनिकल ट्रायलसाठी शेड्यूल वाय दिलं असेल तर त्याची जागा २०१९ च्या नियमांनी घेतली आहे, किंमत नियंत्रणाचा आदेश १९९५ चा दिला असेल तर तो आता २०१३ चा आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम २०२० पासून आहेत. या तिन्ही जागी जुनंच छापलेलं असेल तर ते गाईड कायद्यासाठी बाजूला ठेवा, बाकी विषयांना वापरा.

मात्रा_आणि_अनुपान

परीक्षेची घडण लक्षात घेऊनच वेळ वाटा. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तीन पेपर, सगळे बहुपर्यायी, इंग्रजीत. प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के, आणि तेही एकाच प्रयत्नात. एका पेपरात ८० टक्के आणि दुसऱ्यात ४८ आले तर पास नाही. प्रयत्नांना मर्यादा नाही, पण रजिस्ट्रेशन तेवढं लांबतं. म्हणून आवडीचा विषय घासत बसू नका, कच्चा विषय आधी घ्या.

मराठी माध्यमवाल्यांचे मार्क बहुधा विषयात जात नाहीत, ‘एक्सेप्ट’, ‘नॉट’, ‘लीस्ट’ या शब्दांत जातात. सराव करताना प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचा, असा शब्द असेल तर त्याभोवती गोल करा.

फार्माकॉलॉजीत औषधागणिक चार ओळींचं कार्ड करा: गट, काम कसं करतं, ओळखीचा एक दुष्परिणाम, काउंटरवर सांगायची एक सूचना. सुरुवात टीबीच्या औषधांनी करा, कारण ती चटकन वेगळी काढता येतात. रिफॅम्पिसिन: लघवी नारिंगी, शिवाय यकृतातली एन्झाइम वाढवतं म्हणून गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटतो. आयसोनियाझिड: हातापायांना मुंग्या, सोबत बी-६. पायराझिनामाइड: युरिक ॲसिड वाढतं. इथॅम्ब्युटॉल: नजर, त्यातही लाल-हिरव्यातला फरक.

नावाच्या शेपटीवरून गट ओळखायची सवय चांगली (प्रिल, सार्टान, स्टॅटिन, ग्लिप्टिन), पण डोळे झाकून नको. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ॲसिडिटीचे, आणि ॲरिपिप्राझोल? ते मानसिक आजारावरचं. तसंच ॲम्लोडिपिन रक्तदाबाचं, ओलँझापिन मानसिक आजारावरचं.

औषधांवरचे आणि विषांवरचे उतारे मात्र सरळ पाठ करा: पॅरासिटामॉलला एन-ॲसिटिलसिस्टीन, हेपॅरिनला प्रोटामिन, वॉर्फरिनला व्हिटॅमिन के, अफूवर्गाला नॅलॉक्सोन, लोहाला डेसफेरिऑक्झामिन, कीटकनाशकांतल्या ऑर्गॅनोफॉस्फेटला ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम.

फार्माकोग्नॉसीत (वनस्पतींपासूनच्या औषधांच्या विषयात) मराठी हा तुमचा आधार आहे. लॅटिन नावं कोरडी वाटतात, पण झाडं ओळखीची आहेत. सदाफुली म्हणजे व्हिंका, त्यातून व्हिनक्रिस्टिन. सर्पगंधा म्हणजे राउवोल्फिया, त्यातून रिसर्पिन. दोन्ही एकाच ॲपोसायनेसी कुळातली. अडुळसा म्हणजे व्हासाका, कुचला म्हणजे नक्स व्होमिका. सोनामुखी आणि कोरफड दोन्ही रेचक, दोन्हींत अँथ्राक्विनोन, म्हणून बॉर्नट्रेगर चाचणीत अमोनियाचा थर गुलाबी होतो. धोतऱ्याला व्हिटाली-मोरिन चाचणी, रंग जांभळा. वहीत डाव्या रकान्यात मराठी नाव आणि उजवीकडे बाकी सगळं, असं लिहा.

ड्रग स्टोअर मॅनेजमेंट हलकं समजून मागे टाकू नका, तिथले मार्क स्वस्तात मिळतात. रोजचा खप ४० स्ट्रिप, माल यायला ५ दिवस, राखीव साठा १००, तर रीऑर्डर लेव्हल (साठा इतका उरला की नवी मागणी द्यायची) ४० × ५ + १०० = ३००. साठ्याची वर्गवारी एबीसी असेल तर पैशावरून, व्हीईडी (व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल) असेल तर रुग्णाच्या गरजेवरून. म्हणूनच स्वस्त औषधही ‘व्ही’त असू शकतं.

डीफार्म_मिरज

आज एलिगेशन (दोन तीव्रता किती प्रमाणात मिसळायच्या ते काढायची पद्धत) करून पाहिलं. ९० टक्के आणि ४० टक्के अल्कोहोलपासून ६० टक्क्यांचं ५०० मिली. ९० − ६० = ३०, ६० − ४० = २०, म्हणून ९० टक्क्यांचे ३० भाग आणि ४० टक्क्यांचे २०. म्हणजे ३०० मिली आणि २०० मिली. बरोबर?

खलबत्ता

पद्धत बरोबर, भाग उलटे पडले. वजाबाकीचं उत्तर तिरक्या रेषेने समोरच्याला जातं: ९० टक्क्यांचे २० भाग, ४० टक्क्यांचे ३०. म्हणजे २०० मिली आणि ३०० मिली. ताळा करा: १८० + १२० = ३०० मिली शुद्ध अल्कोहोल, ५०० च्या ६० टक्के बरोबर. तुमच्या उत्तराचा ताळा २७० + ८० = ३५०, म्हणजे द्रावण ७० टक्क्यांचं झालं. पहिल्या नजरेतही पकडता येतं: ६० हे ९० पेक्षा ४० ला जवळ आहे, तेव्हा ४० वालंच जास्त लागणार.

प्रत्यक्षात अल्कोहोल आणि पाणी मिसळलं की आकारमान थोडं आकसतं. कागदावर ते धरत नाहीत, पण बाटलीत भरताना शेवटी पाणी घालून ५०० च्या खुणेपर्यंत आणावं लागतं. उद्या हेच गणित ९० टक्के आणि साध्या पाण्यावर करा. पाण्याची तीव्रता शून्य धरायची.