'परिहार' की 'नुकसानभरपाई'? आणि पडणाऱ्याच्या चुकीला काय म्हणावं?

खानापूरकर: कन्नड नोटिशीत 'परिहार' आहे. दुकानातल्या ओल्या फरशीवरून गिऱ्हाईक घसरून पडलं, त्याचा दावा. मराठी मसुद्यात हाच शब्द चालेल? आणि 'चूक तुमचीही आहे' याला काय लिहायचं?

शहापूरकर: नाही चालणार. कन्नडात परिहार म्हणजे भरपाई, मराठीत शंकेचं किंवा आरोपाचं निवारण. 'परिहार मिळावा' वाचून मराठी वाचक गोंधळेल. 'नुकसानभरपाई' लिहा. नोटिशीतल्या 'निर्लक्ष्य'चं भाषांतरही 'दुर्लक्ष' असं करू नका, ते फार सौम्य होतं, 'निष्काळजीपणा' लिहा. पडणाऱ्याच्या वाट्याला 'अंशदायी निष्काळजीपणा': त्यानं स्वतःची वाजवी काळजी घेतली नाही आणि त्याचा इजेला हातभार लागला. दोन्ही गोष्टी हव्यात. मोबाईल बघत चालला होता एवढ्यानं भागत नाही; पायरी तुटलेली आणि जिन्यात अंधार असेल, तर मोबाईल नसतानाही तो पडलाच असता. हातभार दाखवायची जबाबदारी दुकानदारावर.

निपाणीकर: 'संयुक्त निष्काळजीपणा' मात्र त्यात मिसळू नका. दुकानदार चुकला, सफाईचा ठेकेदारही चुकला, गिऱ्हाईक निर्दोष, तर तो संयुक्त. गिऱ्हाइकाच्या भरपाईतून वजावट शून्य, आणि पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये टी. ओ. अँथनी खटल्यात हा फरक स्पष्ट केला. खटला वाहन अपघाताचा, तत्त्व हेच.

खानापूरकर: आणि आकडा?

शहापूरकर: आधी पूर्ण बेरीज, मग वजावट. समजा औषधोपचार ९०,०००, बुडालेली मजुरी ६०,०००, वेदनांसाठी ९०,०००, एकूण २,४०,०००. न्यायालयानं गिऱ्हाइकाचा दोष २५ टक्के धरला तर ६०,००० वजा, हाती १,८०,०००. काहीजण फक्त वेदनांच्या रकमेतून कापतात, ते चूक. टक्केवारीचा ठरलेला तक्ता नाही, पुराव्यावर ठरते.

निपाणीकर: इंटरनेटवरचा 'निम्म्याहून जास्त दोष असेल तर काहीच नाही' हा नियम टेक्साससारख्या अमेरिकी राज्यांचा आहे, इथल्या नोटिशीला उत्तर देताना तो लावू नका.

शहापूरकर: आणखी एक, गिऱ्हाइकाच्या बाजूनं. दवाखान्याच्या कागदावर बहुतेकदा 'घसरून पडल्याने' एवढंच असतं. जागा नाही, पाणी नाही. समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो. 'अमुक दुकानात, ओल्या फरशीवर' असं पहिल्याच दिवशी लिहवून घ्या आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा असं दुकानदाराला लेखी कळवा. काही दिवसांत त्यावर नवं चित्रण चढतं.