मदत हवी आहे: न उडणाऱ्या पाणकावळ्यांची गणना, दिसलेल्या आकड्यावरून एकूण संख्या कशी काढायची?

लाटरेषा:
गॅलापागोसच्या न उडणाऱ्या पाणकावळ्याच्या गणनेचा आराखडा करायचा आहे. पक्षी फक्त फर्नांडिना बेटावर आणि इझाबेलाच्या उत्तर व पश्चिम किनाऱ्यावर. होडीतून किनाऱ्याकडेने मोजणी. दोन अडचणी: बुडी मारलेले पक्षी सुटतात, त्याचं काय? आणि काही पट्टे मोजून दर किलोमीटरची सरासरी सगळ्या किनाऱ्याला लावली तर चालेल का?

खडकपाल:
दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही चालणार. लाटांपासून आडोसा आणि पाण्यातून चढता येईल असा उतरता लाव्हा जिथे आहे, तिथे घरट्यांचा झुबका असतो. पुढे लांबपर्यंत काही नाही. होडी सहज लागते तेच पट्टे निवडले की आकडा फुगतो. शिवाय किनाऱ्याची लांबी नकाशाच्या प्रमाणावर ठरते. बारीक नकाशात प्रत्येक खाच मोजली जाते आणि तोच किनारा लांब होतो.

जमलं तर सगळा किनारा फिरा. ५०० मीटरचे तुकडे पाडा. पक्षी नसेल तिथे ० लिहा, चौकट रिकामी ठेवू नका. रिकामी चौकट म्हणजे 'तिथे गेलोच नाही'. या दोन्हींची गल्लत झाली की विस्ताराचा नकाशा बाद.

दुहेरी_मोजणी:
सुटलेल्या पक्ष्यांसाठी एका होडीत दोन निरीक्षक बसवा. एकमेकांशी बोलायचं नाही, बोटही दाखवायचं नाही. प्रत्येक पक्ष्याची जागा आणि वेळ लिहायची. समजा एकाला ४८ दिसले, दुसऱ्याला ४५, दोघांनाही दिसलेले ४०. मग प्रत्येक आकड्यात १ मिळवून (४९ × ४६ ÷ ४१) − १, म्हणजे सुमारे ५४. काळ्या लाव्हावर अंग चोरून बसलेला गडद तपकिरी पक्षी असाच हुकतो.

पण पाण्याखालचा पक्षी दोघांनाही दिसत नाही, त्यामुळे हे सूत्र तिथे आंधळं आहे. त्यासाठी काही तुकड्यांवर किनाऱ्यावरून दिवसभर दर १० मिनिटांनी मोजा आणि कोणत्या वेळी किती पक्षी खडकावर असतात ते काढा. होडीची फेरी त्याच वेळेला बांधा.

लाटरेषा:
पायात कडी घालून पुन्हा पाहण्याची पद्धत?

खडकपाल:
चांगली, पण राष्ट्रीय उद्यानाची परवानगी आणि सरावलेले हात हवेत. ६० कडीवाले, पुढच्या फेरीत ९० पाहिले, त्यांत २७ कडीवाले: त्याच सूत्राने अंदाज १९७, आणि ९५ टक्के मर्यादा (खरी संख्या ज्या पल्ल्यात असल्याची बऱ्यापैकी खात्री धरतात तो पल्ला) साधारण १५३ ते २४१. एवढी रुंद मर्यादा अहवालातून गाळू नका. हे पक्षी जागा फारशी सोडत नाहीत, म्हणून एका टोकाचे कडीवाले दुसऱ्या टोकात मिसळत नाहीत. हिशेब वसाहतीगणिक करा. सगळा किनारा एकत्र घेतलात तर अंदाज चुकलाच म्हणून समजा.

दुहेरी_मोजणी:
हंगामही दरवर्षी तोच ठेवा. पाणी थंड असताना वीण जास्त होते, समुद्रशेवाळाची घरटी भरतीच्या रेषेच्या जरा वर असतात आणि पक्षी जागेवर सापडतात. मात्र पिल्लं मोठी होताना मादी बरेचदा नराला सोडून दुसरा जोडीदार धरते, त्यामुळे 'घरटी गुणिले दोन' हा हिशेब उशिरा केला तर फसतो. प्रौढ आणि पिल्लं वेगळ्या रकान्यात. प्रौढाचा डोळा निळसर हिरवा असतो, दुर्बिणीतून ओळखता येतो.

एल निनोच्या वर्षाला वेगळी खूण करा. १९८२-८३ च्या एल निनोत ही संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. तसं वर्ष मधे आलं तर सरळ रेषेचा कल काढू नका.